पुढच्या वर्षी बघा की

अण्णांनी जेवायला बोलावलं तर चपला घालून जाऊ नये, बूट घालावेत. कारण सनीवेलच्या त्यांच्या घराची बेल दाबली की दार उघडतं ते आपल्याला आत घेण्यासाठी नव्हे. अण्णा स्वतःच बाहेर येतात, मागे दार ओढून घेतात आणि म्हणतात, "आधी झाड बघून घेऊ या. उजेड आहे तोवर." मग बाजूच्या फाटकातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून, पाण्याची नळी ओलांडत आम्ही सगळे मागच्या अंगणात. आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, त्यांना पाणी तरी द्या!"

"सकाळीच दिलंय!" अण्णा ओरडून सांगतात. त्यांना वाटतं, झाडाला.

हे झाड म्हणजे सदाहरित डॉगवुड. कॉर्नस कॅपिटाटा हे त्याचं पूर्ण नाव अण्णा सावकाश, देवाचं नाव घ्यावं तसं घेतात. अमेरिकेत डॉगवुड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते थंडीत पानं गाळणारं, वसंतात उघड्या फांद्यांवर पांढरं-गुलाबी फुलणारं झाड. अण्णांचं वेगळं. बारा महिने पानं, तीही जाडसर आणि करड्या हिरव्या रंगाची. उन्हाळा लागता लागता फिक्या पिवळ्या रंगाची फुलं. शरदात लालचुटुक, खडबडीत फळं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मूळ गाव हिमालय. "आपलं आहे," अण्णा सांगतात. अण्णा इचलकरंजीचे. तिथून हिमालय किती लांब आहे, हे मी एकदा विचारणार होते, पण काकूंनी डोळ्यांनी खुणावलं.

नवखा पाहुणा इथे एक ठरलेली चूक करतो. तो म्हणतो, "वा! काय सुंदर फूल आहे!"

अण्णा याचीच वाट बघत असतात. "फूल नव्हे ते!" त्यांचा चेहरा उजळतो. मग फांदी हळूच खाली ओढून पाहुण्याच्या नाकासमोर धरली जाते. ती चार पिवळसर पाकळ्यांसारखी दिसतात ना, ती पाकळ्या नाहीत, पानंच आहेत रंग बदललेली. सहपत्रं म्हणतात त्यांना. बोगनवेलीला काय असतं? तेच की! खरी फुलं ही मधली, हा जो हिरवट बटणासारखा गोळा आहे ना, त्यात दाटीवाटीनं बसलेली. चष्मा लावा. एकेक मोजा. इतका वेळ सुंदर-सुंदर म्हणून आपण ज्याचं कौतुक केलं ते फूलच नव्हतं, हे कळून पाहुणा जरा ओशाळतो. अण्णांची भूक त्यानंतर खवळते.

पण ही फुलं दिसू लागली ती अलीकडे. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही नुसती पानं बघितली. धाकटी मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, त्या हिवाळ्यात अण्णांनी हे रोप आणलं. नर्सरीत याचंच 'माउंटन मून' नावाचं कलम होतं, मोठ्या फुलांचं, लवकर फुलणारं. अण्णांनी किंमत बघितली आणि शेजारचं बियांपासून वाढवलेलं रोप उचललं. ते फुलायला आठ-दहा वर्षं लागतात, असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. अण्णा म्हणाले, आपल्याला कुठं जायचंय? तेव्हापासून दर जूनमध्ये आम्ही त्या झाडाखाली उभे राहिलो, दर जूनमध्ये वर बघितलं आणि दर जूनमध्ये अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघा की." हे वाक्य ते इतक्या विश्वासानं म्हणायचे की पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच लिहून ठेवावी असं वाटायचं.

अण्णा आयुष्यभर चिपच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर जी शिस्त उरली ती सगळी झाडाच्या वाट्याला आली. झाडाची एक्सेल शीट आहे. तीत मातीचा पीएच, पाणी, नवी पालवी, खोडाचा घेर, सगळं आहे. मुलींच्या उंचीच्या खुणा स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं केलेल्या आहेत, त्यातल्या एकीच्या तर मध्येच थांबल्यात, असं काकू सांगतात. झाडाच्या नोंदीत मात्र खंड नाही.

डॉगवुडला आंबट माती लागते आणि पाण्याचा निचरा होणारी लागते. अण्णांच्या अंगणात चिकण माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, ती बूट सोडत नाही. मग अण्णांनी वाफा उंच केला, गंधक घातलं, पाइनच्या सालीचं जाड आच्छादन केलं, कारण याची मुळं वरवर पसरणारी, ती तापली की झाड रुसतं. आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून ते रोज वापरलेल्या कॉफीचा चोथा आणू लागले. आंबटपणासाठी. थोरल्या मुलीनं एकदा फोनवर सांगितलं की बाबा, आंबटपणा कॉफी करताना पाण्यात उतरतो, तुमच्याकडे येतो तो चोथा जवळजवळ बेचवच असतो. अण्णांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत दुकानात हजर. तिथली पोरं त्यांना आता नावानं ओळखतात. चोथ्यानं झाडाचं काय झालं ते सांगता येत नाही, पण अण्णांची रोजची चार वाक्यांची सोय झाली, हे मी बघितलंय.

2015 साली कॅलिफोर्नियात दुष्काळाचं चौथं वर्ष होतं. गव्हर्नरनं शहरांना पाण्याचा वापर पाव हिश्श्यानं कमी करायला सांगितलं. आजूबाजूची हिरवळ पिवळी पडली आणि लोक ती अभिमानानं मिरवू लागले. अण्णांना मात्र जणू माहेर मिळालं. तीस वर्षं शॉवरखाली काढलेल्या माणसानं गॅरेजमधून बादली आणि तांब्या काढला. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत. साबणाचं पाणी मात्र नाही, ते झाडाला बाधतं. मंडळाच्या गणपतीत प्रसादाला भात होता. दोनशे माणसांचा. अण्णा पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. अध्यक्षांना वाटलं, देणगी द्यायला आलेत.

आणि मग 2020 साली झाड फुललं.

मार्चमध्ये सगळ्या बे एरियाला घरात बसायचा हुकूम झाला होता. जूनमध्ये एका सकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर अण्णांचा फोटो आला: हात, हातात फांदी, फांदीवर एकच फूल. (फूल नव्हे ते.) खाली ओळ होती, "आलं." इतक्या वर्षांची वाट, आणि बघायला कोणाला बोलवायची सोय नाही. दुसरा कोणी हळहळला असता. अण्णांनी वेळापत्रक काढलं. शनिवारी चार ते सहा, प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटं. बाजूचं फाटक सताड उघडं, जमिनीवर खडूनं सहा-सहा फुटांच्या रेघा. मास्क लावून अण्णा झाडाजवळ आणि आम्ही रेघेवर. तिथून काही दिसेना. मग अण्णांनी दुर्बीण पुसून, सॅनिटायझर लावून, काठीला अडकवून पुढे केली. काकूंनी फाटकाजवळ स्टुलावर कागदी पिशव्या ठेवल्या होत्या, प्रत्येक पिशवीत दोन बेसनाचे लाडू. मला विचाराल तर त्या अख्ख्या वर्षात मी हजर राहिलेला हा एकच समारंभ.

काकूंबद्दल बोलायला हवं, कारण अशा माणसाच्या घरी असं दुसरं माणूस असावंच लागतं. सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. गळतात. पानझडी झाड एकदा काय ते झडून मोकळं होतं. हे वर्षभर थोडं थोडं झडतं आणि वसंतात नवी पालवी फुटली की जुनी पानं भराभर टाकतं. दर वसंतात अण्णांचा जीव जातो. झाड गेलं, मुळं कुजली, बुरशी लागली. दर वसंतात काकू म्हणतात, "मागच्या वर्षीही याच दिवसांत गेलं होतं." आणि झाडू घेतात. त्यांची व्याख्या मी पाठ केलीय: सदाहरित म्हणजे बारा महिने केर.

सप्टेंबर 2022 मध्ये उन्हाची लाट आली. त्या मंगळवारी सॅन होजेचा पारा 109 फॅरनहाइटवर गेला, तिथला आजवरचा विक्रम. दुपारी अण्णांचा फोन. "जुन्या साड्या आहेत का गं घरात? सुती हव्यात. जॉर्जेट नको, वारा जात नाही." दुपारचं ऊन याला सोसत नाही. डोंगरातलं झाड, धुक्यात वाढणारं. म्हणून तर सॅन फ्रान्सिस्कोत ते खुशीत असतं आणि आमच्या या खोऱ्यात तोंड पाडून. मी दोन साड्या घेऊन गेले. अण्णा टोपी घालून शिडीवर, पश्चिमेच्या बाजूनं साड्या बांधताहेत, हातात कपडे वाळत घालायचे चिमटे. काकू खाली उभ्या राहून एकेक साडी वर देत होत्या. एक इरकल हातात आली तशा थांबल्या.

"ही नाही. ही आईची."

अण्णा दोन पायऱ्या खाली उतरले. काही बोलले नाहीत. काकूंनी ती इरकल खुर्चीवर घडी करून ठेवली, आत गेल्या आणि पलंगावरची चादर काढून आणली. पण अण्णांनी ती जशी चोळामोळा करून फांदीवर टाकली ते त्यांच्यानं बघवेना. "उतरा तुम्ही," म्हणाल्या आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या काकू स्वतः शिडीवर चढल्या. पदर खोचून त्यांनी सगळ्या साड्या सोडवल्या आणि परत बांधल्या. कुठे फांदीवर ताण येणार नाही अशा, मधून वारा खेळेल अशा, काठ बाहेर. शिडी धरून अण्णा खालून सांगत होते, "डावीकडचा शेंडा, डावीकडचा!" त्या म्हणाल्या, "मला दिसतोय शेंडा." पार्सल घेऊन आलेला मुलगा फाटकात थबकला. आज तुमचा कुठला सण आहे का, म्हणाला. अण्णा म्हणाले, "नाही. ऊन आहे."

पश्चिमेकडची पानं कडेनं करपलीच. पण झाड राहिलं.

शेजारच्या बाई मूळच्या व्हर्जिनियाच्या. डॉगवुड हे व्हर्जिनियाचं राज्यपुष्प, 1918 पासून, आणि राज्यवृक्षही. त्यांच्या दृष्टीनं डॉगवुड फक्त तेच. बरीच वर्षं कुंपणावरून दोघांचा एकच वाद चालला होता. ज्या झाडाची पानं झडत नाहीत त्याला वसंत आलेला कळणार कसा, असं बाईंचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं, तुमच्याकडच्या डॉगवुडला बुरशीचा रोग लागतो, आमचं बघा. (बुरशीचं खरं आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडची पुष्कळ डॉगवुडं तिनं मारली.) एकदा बाई सहज बोलून गेल्या की त्यांची आजी कापडगिरणीत होती आणि डॉगवुडचं लाकूड गिरणीवाले हातोहात नेत. टणक असतं, तुसं निघत नाहीत, वापरून वापरून उलट गुळगुळीत होतं, म्हणून त्याचे धोटे करत.

धोटा म्हटल्यावर अण्णा गप्प झाले. असं कधी होत नाही. मग घरात गेले आणि देवघराच्या फडताळावरून वडिलांचा धोटा घेऊन आले. वडील इचलकरंजीला मागावर होते. वीतभराहून जरा लांब, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, मध्ये कांडी बसायची खाच आणि अंगाला वर्षानुवर्षं घासून आलेली अशी तकाकी की पॉलिशवाल्यानं मान खाली घालावी. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटा केला, खाचेतून अंगठा फिरवला. आजीकडे अगदी असाच होता, म्हणाल्या. तो कुठल्या लाकडाचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अण्णांना मात्र त्या दिवसापासून ठाऊक आहे. आपण शंका काढू नये. धोट्याच्या लाकडाचा तपास एखाद्या प्रयोगशाळेत सहज लागेल, पण अण्णा तो लावू देणार नाहीत. आता त्या दोघांचा वाद मिटला आहे. म्हणजे पूर्वीसारखाच चालतो, पण मध्ये चहा होतो.

दिवाळीच्या सुमारास फळं पिकतात आणि फराळाच्या ताटात चकलीच्या शेजारी येऊन बसतात. दिसायला फार मोहक, मोठ्या स्ट्रॉबेरीएवढी. अण्णा म्हणतात, सीताफळासारखी चव आहे. चव अशी आहे: साल कडवट, आत पिवळसर मऊ गर, फिका, थोडा फार पिकलेल्या केळ्याकडे झुकणारा, आणि त्यात दाताखाली येणाऱ्या बिया. मंडळींनी यावर उपाय शोधलेत. जुने लोक ते फळ रुमालात घेतात आणि "घरी निवांत खातो" म्हणतात. लहान मुलं स्पष्ट बोलतात. एका वर्षी अण्णांनी काकूंना त्याचा मुरांबा करायला लावला. त्या बरण्या वर्षभर आमच्या आमच्यात फिरत राहिल्या. मला एक वाढदिवसाला मिळाली, तिच्यावर माझंच अक्षर होतं. खारी मात्र ही फळं आवडीनं खातात. अण्णा त्यांच्या नावानं ओरडतात आणि संध्याकाळी फोटोही काढतात.

प्रवासालाही ते झाडासाठीच जातात. भाची लंडनला असते. तिच्याकडे गेले तर राणीचा राजवाडा, संग्रहालय, सगळं सोडून तिला गाडी काढायला लावली ती थेट कॉर्नवॉलला, हेलिगनच्या बागेत. 1825 च्या सुमारास हिमालयातून इंग्लंडला गेलेलं याचं बी तिथे रुजलं. पहिल्या महायुद्धानंतर बाग रानात बुडाली आणि 1990 नंतर परत उकरून काढली. अण्णांना तो सगळा इतिहास मुखोद्गत आहे. कुठल्याशा माळ्याला गाठून त्यांनी सांगितलंच, हे आमच्याकडचं. जपाननं 1912 साली वॉशिंग्टनला चेरीची झाडं दिली आणि 1915 साली अमेरिकेनं परतीच्या आहेरात डॉगवुडं पाठवली, हाही त्यांचा आवडता किस्सा. त्याच्या शेवटी ते म्हणतात, "आणि आपण? आपल्याकडं हे असताना?" आपण म्हणजे भारत सरकार.

कुमाऊँला ते काकूंना घेऊन गेले तेव्हा मात्र जरा गडबड झाली. तिकडे याला भमोरा म्हणतात. मुक्तेश्वरच्या वाटेवर उतारावर झाड दिसलं, तशी अण्णांनी टॅक्सी थांबवली. खाली उतरून खोडाला हात लावला, कॅमेरा काढला. गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. अण्णांनी तिला आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं की तुम्ही याची काळजी कशी घेता. तिला प्रश्न कळेना. ड्रायव्हरनं पहाडीत समजावला. ती हसायला लागली. म्हणाली, त्यात करायचं काय, आपोआप येतं. फळं पोरं खातात, माकडं खातात, फांद्या चुलीला जातात. काकूंनी ही गोष्ट आल्या आल्या आम्हाला सांगितली. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तिथली माती आंबट आहे. तिला काय जातंय बोलायला?"

यंदा त्यांनी दुसरं एक रोप आणलंय. हाँगकाँगचं डॉगवुड. तेही सदाहरित, पण फुलं दुधी पांढरी आणि कोवळी पानं तांबूस. लावायला जागा उरली नव्हती, म्हणून काकूंच्या कढीलिंबाची कुंडी हलवली गेली. त्यावर अजून बोलणी चालू आहेत. पहिल्या झाडाची बियांपासून केलेली रोपं गॅरेजबाहेर रांगेनं उभी आहेत आणि आमच्यापैकी कोणालाही घर घ्यायचं म्हटलं की अण्णा बरोबर येतात, न बोलावता.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हाही आले. दलाल बाई स्वयंपाकघरातली कपाटं उघडून दाखवत होती. अण्णा मागच्या दारानं केव्हाच बाहेर पडले होते. खिडकीतून बघितलं तर भिंतीलगत उकिडवे बसून चमच्यानं माती उकरताहेत. चमचा त्यांनी घरून आणला होता. व्हिनेगरची छोटी बाटलीही. मातीवर चार थेंब टाकले, कान जवळ नेला. फेस येऊन चुरचुरलं. अण्णा उठले, हात झटकले आणि आत येऊन दलाल बाईला इंग्रजीत म्हणाले, घर फार छान आहे.

मग माझ्याकडे वळले. "भिंतीपाशी सिमेंट-चुना पुरलाय यांनी. घे घर, पण झाड तिकडं कुंपणापाशी लावायचं. खड्डा मी येऊन काढतो. शनिवारी रिकामी आहेस ना?"

घर अजून आमचं झालेलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "अण्णा, फुलायला किती वर्षं लागतील?"